छंदाचा व्यवसाय झाल्यावर ओढ कशी टिकवावी?

चित्रकलेचा छंद उपजीविका झाला की ओढ ओसरू शकते, याचे एक कारण आधीच कबूल झालेला मोबदला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग चित्रांची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर होता. बक्षीस कबूल करून ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली, ती मुले पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रे काढू लागली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकली. हा फरक फार मोलाचा आहे. व्यावसायिक चित्रकाराने म्हणूनच काही काम न विकण्यासाठी राखावे, शक्यतो वेगळ्या माध्यमात: दिवसभर संगणकावर चित्रे करणाऱ्याने जलरंग किंवा कोळसा हाती घ्यावा. हे राखलेले काम समाजमाध्यमांवरही टाकू नये. लाइकची अपेक्षा हाही मोबदलाच. ग्राहकाच्या कामात मात्र मोबदला टाळता येत नाही; तिथे दर, मुदत आणि दुरुस्त्यांची मर्यादा आधीच लेखी ठरवावी.