ससा म्हातारा झाला म्हणजे

सात-आठ वर्षांचा पाळीव ससा खाणं कमी करतो, कोपऱ्यात बसून राहतो, पलंगावर उडी मारायची सोडून देतो. घरातले म्हणतात, ‘वय झालं आता त्याचं.’ हे प्रेमानेच म्हटलेलं असतं, पण तेवढ्यात उपचाराची वेळ निघून जाते. नीट सांभाळलेला ससा साधारण ८ ते १२ वर्षं जगतो. वयाने तो मंदावतो, जास्त झोपतो, हे खरं. पण केवळ वय झालं म्हणून ससा चारा टाकत नाही. चारा टाकतो तो बहुतेक वेळा काहीतरी दुखतं म्हणून. सशांच्या सहवासात राहून माझी खात्री झाली आहे, की म्हाताऱ्या सशाची प्रत्येक ‘सुस्ती’ आधी दुखणं म्हणून तपासावी आणि वयावर मग सोडावी.

हे दुखणं दिसत का नाही, याचं कारण सशाच्या जातीतच आहे. ज्याच्यावर घार, कुत्रा, मांजर टपलेलं असतं, तो प्राणी अशक्तपणा दाखवत नाही. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडते. ससा गप्प बसतो. तरी खुणा असतात. सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पट्टी २०१२ साली संशोधकांनी मांडली. तिच्यात अर्धवट मिटलेले डोळे, चपटे पडलेले गाल, नाकपुड्यांचा बदललेला आकार, ताठरलेल्या मिश्या आणि मागे वळलेले कान पाहतात. मोठ्याने दात खाणं आणि पाठ कमानीसारखी करून बसणं याही खुणाच. पण मला सर्वांत भरवशाच्या वाटतात त्या लेंड्या. सशाच्या पोटाचं काम सतत चाललेलं असावं लागतं. त्याला उलटी करता येत नाही, आणि दुखण्याने किंवा भीतीने खाणं थांबलं की आतड्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो, दुखणं वाढतं, मग तो आणखीच खात नाही. लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या होऊ लागल्या की सावध व्हावं. १० ते १२ तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर ती तातडीची वेळ आहे. उद्या सकाळची वाट पाहू नये. शिवाय दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावं. लोकरीखाली हाडं निघालेली डोळ्यांना उशिरा कळतात, काट्याला लवकर.

मुळाशी काय असतं? सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. सुकं गवत कमी आणि दुकानातले दाणे जास्त, असा आहार वर्षानुवर्षं चालला तर दाढांना टोकं येऊन जीभ आणि गाल सोलले जातात. असा ससा भुकेला असतो, ताटलीजवळ येतो, घास उचलतो आणि टाकतो. संधिवात झालेल्या सशाला मान वळवून अंग चाटता येत नाही. मागची बाजू लघवीने ओली राहते, उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथे माश्या अंडी घालतात. नसबंदी न केलेल्या मादीत चार वर्षांनंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं आहे, काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक. लाल लघवी दर वेळी रक्ताची नसते, खाण्यातल्या रंगानेही होते. पण ते तपासणीने ठरवावं, अंदाजाने नव्हे. यातलं बरंचसं पूर्ण बरं होत नाही. दाढा घासून मिळतात, सांध्यांचं दुखणं डॉक्टरांच्या वेदनाशामकाने पुष्कळ उतरतं, घसरत्या फरशीवर सतरंजी टाकता येते, लघवीच्या ट्रेची कड कापून खाली आणता येते. एवढ्याने म्हाताऱ्या सशाचे दिवस बदलतात.

यावर लोक म्हणतात, दवाखान्याच्या धसक्यानेच ससा जायचा. धसका खरा आहे. म्हणून बंद, अंधाऱ्या पेटीत, त्याच्याच घरातलं गवत आणि जोडीदार असल्यास तोही सोबत घेऊन न्यावं. पण न नेल्याने दुखणं थांबत नाही. घरगुती उपायांचा आग्रह तर धोक्याचाच. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन माणसाला चालतं, सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू ते मारतं आणि ससा दगावू शकतो. पिसवांसाठी कुत्र्याला लावतात ते फिप्रोनिलही सशाला घातक. पोट फुगून टणक झालं असेल तर सिरिंजने भरवणंसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि शस्त्रक्रियेआधी ससा उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं, तर त्या दवाखान्याला सशांचा सराव नाही असं समजावं.

दुसरा आक्षेप पैशांचा: नवा ससा काही शेकड्यांत मिळतो, म्हाताऱ्यावर हजारो का घालायचे? ज्याला आपण पिंजऱ्यात ठेवलं, त्याला स्वतःचा पाला शोधायचीही मुभा उरलेली नाही. त्याची वेदना कमी करणं हे आपल्यावरचं देणं आहे. त्याची बाजारातली किंमत इथे लागू होत नाही. मात्र प्रत्येक उपचार करायलाच हवा, असंही मी म्हणत नाही. वेदनाशामक देऊनही तो खात नसेल, स्वतःला स्वच्छ ठेवू शकत नसेल, वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होत असतील, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं मला पाप वाटत नाही. अशा सशाला आपोआप जाऊ देणं म्हणजे अनेकदा उपासमारीने जाऊ देणं असतं.

तेव्हा ससा धडधाकट असतानाच सशांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवा. शहरातले सगळेच डॉक्टर ससे पाहत नाहीत. जवळपास कोणी नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा, आणि रात्री कुठे जायचं हेही आजच विचारून घ्या.