तांबडा समुद्र की लव्हाळ्यांचा?

निर्गम १३:१८ मध्ये आपण ‘तांबडा समुद्र’ वाचतो. मूळ इब्री शब्द मात्र ‘याम सूफ’ आहेत. ‘याम’ म्हणजे समुद्र, ‘सूफ’ म्हणजे लव्हाळे. बाळ मोशेची पेटी त्यातच ठेवली होती (निर्गम २:३). योना २:५ मध्ये त्याचाच अर्थ शेवाळ होतो. १ राजे ९:२६ मध्ये ‘याम सूफ’ म्हणजे अकाबाचे आखात.

‘तांबडा’ हे नाव ग्रीक सेप्तुआजिंत भाषांतरातून आले. ग्रीक लोक त्यात आपला अरबी समुद्रही धरीत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ग्रंथात कल्याण बंदर याच समुद्रावर आहे.

मग भाषांतरकाराने काय करावे? बंगळूर येथे काम करताना मला वाटते, रूढ नाव राखावे, मूळ अर्थ तळटीपेत द्यावा. वाचकाचा विश्वास ढळू नये, आणि सत्यही झाकू नये.