संगीतिका, जॅझ आणि दोन संस्कृतींचें प्रेम

ज्या नाटकांत पात्रें आरंभापासून अखेरपर्यंत बहुधा गाऊनच आपलें मनोगत सांगतात, त्यास पाश्चात्य लोक ऑपेरा म्हणतात. आपल्या संगीत नाटकांत पदें पुष्कळ असलीं तरी त्यांच्या मधून गद्य संवाद येतात. म्हणून किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘संगीत शाकुंतला’स कोणी ऑपेरा म्हणत नाहीं. ऑपेऱ्याला अधिक जवळची अशी मराठींतील वस्तु म्हणजे नभोवाणीवरील संगीतिका होय. या लेखांत आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोंत. ज्यांची भाषा, चालीरीति व संगीतहि भिन्न आहे, अशा दोन जीवांचें प्रेम केवळ आवाजानें कसें सांगावें?

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. रंगभूमीवर पात्राचा वर्ण, पोशाख, कपाळावरील टिळा किंवा गळ्यांतील क्रूस पाहून, तें कोणापैकीं आहे हें प्रेक्षक आधींच ठरवून टाकतो. नभोवाणीच्या श्रोत्यास ही सोय नाहीं. उच्चारावरून प्रांत ओळखूं येतो हें खरें. पण स्वरांतील आनंद अथवा कंप त्याच क्षणीं कानीं पडतो.

या साधनास शोभणारी एक कथा आपल्याच भूमीशीं संबद्ध आहे. अकराव्या शतकांत बिल्हण नांवाचा काश्मिरी कवि दक्षिणेंत येऊन कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या आश्रयास राहिला. आजच्या बीड जिल्ह्याच्या प्रदेशावरहि तेव्हां याच घराण्याची सत्ता होती. बिल्हणानें राजाचें चरित्र काव्यांत लिहिलें, हा इतिहास झाला. पुढची प्रेमकथा ही दंतकथा आहे. तिच्या दक्षिणेंतील एका पाठांत कवीस राजकन्येचा गुरु नेमून मध्यें पडदा बांधतात. गुरु आंधळा आहे असें तिला, व शिष्या कुष्ठरोगी आहे असें त्याला सांगतात. एके रात्रीं कवि पूर्णचंद्राचें वर्णन करूं लागतो. आंधळ्यास चंद्र कसा दिसला, अशी शंका येऊन ती पडदा दूर करते. कवीस मृत्युदंड होतो; मरणाच्या छायेंत तो प्रियेच्या आठवणींचे श्लोक रचतो. ‘चौरपंचाशिका’ हें काव्य तेंच, असें परंपरा मानते. या बिल्हणावर मंगेश पाडगांवकर यांनीं संगीतिका लिहिली, पु. ल. देशपांडे यांनीं तिला संगीत दिलें, व ती आकाशवाणीवरून श्रोत्यांपर्यंत पोहोंचली. पडद्याआडचा आवाज ऐकून मन जडावें, हा कथेचा गाभा. आणि श्रोताहि एका परीनें पडद्याआडच बसलेला असतो.

आतां पश्चिमेकडे वळूं. जॅझ हें संगीत अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं आफ्रिकी वंशाच्या लोकांनीं घडविलें. त्यांत आफ्रिकी लयीचा वारसा व युरोपीय वाद्यें एकत्र आलीं. १९२७ सालींच क्रेनेक या संगीतकारानें लाइपझिग येथें जॅझचा रंग असलेला ऑपेरा रंगभूमीवर आणला. त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें ‘शो बोट’ हें संगीतनाटक झालें. तो शुद्ध ऑपेरा नव्हे; परंतु गोरा पति व कृष्णवर्णीय रक्ताची पत्नी यांचा विवाह कायद्यानें गुन्हा कसा ठरतो, हें त्यांत दाखविलें आहे. असे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं रद्द केले. आपल्याकडेहि १८७२ च्या कायद्याखालीं विवाह करूं इच्छिणाऱ्या हिंदु व ख्रिस्ती वधूवरांस आपण आपला धर्म मानीत नाहीं असें सांगावें लागे. ती अट १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें गेली.

जॅझ आपणांस अगदींच परकें नाहीं. मुंबईच्या हॉटेलांतून तें वाजविणारे अनेक वादक गोमंतकीय होते. त्यांपैकीं आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट, आणि शेजारच्या अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील पुणतांबें येथें जन्मलेले सी. रामचंद्र यांच्या चाली, यांचा मेळ १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत ऐकावयास मिळतो.

तथापि मेळ घालणें सोपें नाहीं. आपल्या रागांत तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो व गायक त्यास धरून विस्तार करतो. जॅझमध्यें एकाच वेळीं वाजणाऱ्या स्वरांचे समूह सारखे पालटतात आणि वादक त्या पालटांवरून आपली वाट काढतो. दोघेहि आयत्या वेळीं सुचेल तें गातात-वाजवितात, हें साम्य मोठें आहे. पण पायाखालची भूमि सारखी बदलली तर रागाचें रूप विस्कटतें, आणि ती मुळींच बदलली नाहीं तर जॅझचा वादक कोंडला जातो. कोणीं, केव्हां व किती वेळ थांबावें, हें संगीतकारास ठरवावें लागतें. दोन संस्कृतींच्या वधूवरांपुढेंहि घरांत नेमका हाच प्रश्न उभा असतो. नायकासाठीं भरपूर राग व नायिकेसाठीं नांवापुरता एक ट्रम्पेट, अशी रचना केली तर शब्दांत प्रेम असूनहि संगीतांत तें नसतें.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, अशी संगीतिका कानीं पडेल तेव्हां एवढें अवश्य पाहावें: एक सूर दुसऱ्यासाठीं थांबतो काय? आणि थांबल्यावर पुन्हां स्वतःच्या रूपांत परत येतो काय? दोन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर तें प्रेम खरें मानावयास आमची हरकत नाहीं. वर्गांत, वसतिगृहांत व गांवांत भिन्न बोलीच्या नि भिन्न धर्माच्या सोबत्यांबरोबर राहतांनाहि ही परीक्षा आपणांस उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.