बदनापूरची वाटणी आणि नॉर्मंडीचे किनारे

दुसऱ्या महायुद्धाचा पाठ शिकविताना आम्ही वर्गात एक प्रश्न विचारतो : अनेक राष्ट्रांच्या फौजा समुद्रमार्गे एकाच प्रांतात उतरावयाच्या असतील, तर कोणी कोठे उतरावे हे कसे ठरते? ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या पाच किनाऱ्यांपैकी पश्चिमेकडील यूटा व ओमाहा अमेरिकेकडे, गोल्ड व स्वोर्ड ब्रिटनकडे आणि त्या दोहोंमधील जुनो कॅनडाकडे होता. यात मानापमानाचा प्रश्न नव्हता. अमेरिकन छावण्या इंग्लंडच्या नैऋत्येस होत्या; शिवाय पश्चिमेकडील बंदरांत अमेरिकेहून थेट रसद उतरविणे सोयीचे होते. फौजांचे मार्ग एकमेकांना छेदू नयेत, हा हिशेब होता.

असाच हिशेब आपल्या जालना जिल्ह्यात १८०३ साली मांडला गेला. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे जनरल वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन भेटले. शिंदे-भोसल्यांचे सैन्य भोकरदनच्या बाजूस होते. निजामाकडील तैनाती फौज घेऊन स्टीव्हन्सनने डोंगराच्या पश्चिमेकडून, वेलस्लीने पूर्वेकडून जावे आणि २४ तारखेस मिळून हल्ला करावा, असे ठरले. सारे सैन्य एकाच अरुंद वाटेने नेल्यास दिवस वाया गेला असता आणि शत्रूस दुसरी वाट मोकळी राहिली असती.

वाटणी शहाणपणाची होती. परंतु २३ तारखेस शत्रू अपेक्षेहून जवळ, केळना व जुई या नद्यांच्या मध्ये असल्याचे वेलस्लीस कळले. स्टीव्हन्सनसाठी न थांबता त्याने असईजवळ लढाई दिली. तो जिंकला, मात्र त्याचे सुमारे १,६०० लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. स्टीव्हन्सन पोहोचला तो दुसऱ्या दिवशी सायंकाळी.

नॉर्मंडीतही जुनो व स्वोर्ड यांमधील फट पहिल्या दिवशी बुजली नाही. तीतून जर्मन पँझर डिव्हिजनची एक तुकडी समुद्रापर्यंत आली.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, कामे वाटून घेणे हे सहकार्याचे अर्धेच अंग होय. दोन वाटण्यांमधील जागा कोणी सांभाळावी, हे ठरविणे हे दुसरे. ते राहून गेले, तर त्याची किंमत नकाशावर रेघ ओढणारे देत नाहीत. असईत ती मद्रासच्या शिपायांनी व स्कॉटलंडच्या जवानांनी दिली, आणि समोरच्या बाजूस तोफा न सोडता मेलेल्या शिंद्यांच्या गोलंदाजांनीही प्राण वेचले. पाठ्यपुस्तकात सेनापतींची नावे आहेत; यांची नाहीत. आमच्या वर्गात त्यांची आठवण निघाल्याविना हा पाठ संपत नाही.