चुंबकावरणातील लहरी आणि पोलादनगरीची वीज

छत्तीसगडमधील भिलाई हे नाव उच्चारताच झोतभट्ट्या, तप्त लोखंडाचे प्रवाह आणि देशभर पसरलेले रेल्वेचे रूळ डोळ्यांसमोर येतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा उद्योगनगरीचे जीवन अखंड वीजपुरवठ्यावर अवलंबून असते. या वीजपुरवठ्याचा संबंध पृथ्वीपासून हजारो किलोमीटर उंचीवर उठणाऱ्या लहरींशी पोहोचतो, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. या लहरींचा अभ्यास करणारे अवकाश भौतिकी हे शास्त्र भारतात चांगले रुजले असून, त्याचा पाया मुंबई आणि अलिबाग येथील वेधशाळांनी घातला आहे.

चुंबकावरण म्हणजे काय?

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडत असतो. त्यास ‘सौरवात’ म्हणतात. त्याचा सर्वसाधारण वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या झोताला अडवते व त्यातून पृथ्वीभोवती एक विशाल पोकळी निर्माण होते. हेच चुंबकावरण होय. सूर्याकडील बाजूस त्याची सीमा साधारणपणे पृथ्वीच्या दहा त्रिज्यांवर, म्हणजे सुमारे ६४,००० किलोमीटरवर असते. विरुद्ध बाजूस त्याची शेपटी चंद्राच्या कक्षेपलीकडे पसरलेली असते. १९५८ साली एक्सप्लोरर-१ या उपग्रहावरील उपकरणांमुळे जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांना या आवरणात अडकलेल्या भारित कणांचे पट्टे आढळले. दळणवळण, हवामान व दिशादर्शनासाठीचे अनेक उपग्रह याच प्रदेशात फिरत असतात.

चुंबकावरणातील वायू प्लाझ्मा स्थितीत असतो. त्यातील इलेक्ट्रॉन व आयन सुटे असतात आणि तो इतका विरळ असतो की कणांची परस्परांशी टक्कर क्वचितच होते. आपल्या भोवतालच्या हवेत उष्णता आणि ऊर्जा टक्करींतून वाटली जाते. टक्करीच नसतील तर ऊर्जा एका कणाकडून दुसऱ्याकडे कशी जाते? हे काम लहरी करतात, म्हणूनच या शास्त्रात त्यांना मध्यवर्ती स्थान आहे.

लहरींचे प्रकार

स्वीडनचे हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली अशा लहरींचा एक मूलभूत प्रकार सिद्धान्ताने मांडला. चुंबकीय बलरेषा ही तंबोऱ्याच्या ताणलेल्या तारेसारखी असते आणि तिला चिकटलेला प्लाझ्मा हे त्या तारेचे वजन होय. तार छेडली की तिच्यावरून कंपने धावतात. तार लांब व जड असेल तर कंपन संथ, आखूड व हलकी असेल तर जलद. त्यामुळे जमिनीवर नोंदल्या गेलेल्या कंपनाच्या कालावधीवरून अवकाशातील प्लाझ्माची घनता अजमावता येते. आल्फव्हेन यांना १९७० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काही सेकंदांपासून दहा मिनिटांपर्यंत कालावधी असलेली ही ‘चुंबकीय स्पंदने’ भारतातील वेधशाळांतही नोंदली जातात.

दुसरा प्रकार ‘शिट्टी लहरीं’चा. विजेच्या लखलखाटातून निघालेल्या रेडिओ लहरी बलरेषेच्या वाटेने दुसऱ्या गोलार्धात जातात. वाटेत उच्च वारंवारतेचा भाग पुढे आणि कमी वारंवारतेचा मागे राहतो. त्यामुळे ग्राहक यंत्रात त्यांचा आवाज उतरत्या स्वराच्या शिट्टीसारखा ऐकू येतो. एल. आर. ओ. स्टोरी यांनी १९५३ साली या घटनेचा उलगडा केला. भारतात गुलमर्ग, नैनिताल व वाराणसी येथे या लहरींची निरीक्षणे झाली. याच जातीच्या, परंतु चुंबकावरणातच जन्मणाऱ्या लहरींना ‘कोरस’ म्हणतात, कारण त्यांचा ध्वनी पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारखा असतो.

झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका हात दिला तरी तो उंच जातो. त्याचप्रमाणे बलरेषेभोवती गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या गतीशी लहरीची वारंवारता जुळली की त्याची ऊर्जा वाढत जाते. अशा रीतीने वेगवान झालेले इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या कवचातून आत शिरून त्याची उपकरणे निकामी करू शकतात. याउलट, याच क्रियेने काही कणांची दिशा बदलते आणि ते वातावरणात कोसळून नाहीसे होतात. एकच लहर अशा प्रकारे कणांना बळ देते आणि त्यांचा निचराही करते.

भारतीय संशोधकांचे कार्य

भारतीय भूचुंबकत्व संस्था ही १९७१ पासून स्वायत्त असलेली संस्था नवीन पनवेल येथून कार्य करते. संस्थेचे माजी संचालक डॉ. गुरबक्ष सिंग लखीना यांचे नाव प्लाझ्मा लहरींच्या सैद्धान्तिक अभ्यासात जगभर आदराने घेतले जाते. अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी यांच्यासह त्यांनी १९९७ साली लहरी व कण यांच्यातील देवाणघेवाणीच्या मूलभूत संकल्पना स्पष्ट करणारा विस्तृत लेख प्रसिद्ध केला. कोरस लहरींच्या अतिसूक्ष्म तुकड्यांमुळे इलेक्ट्रॉनची दिशा किती वेगाने बदलते, याचे गणित त्यांनी सहकाऱ्यांसह २०१० साली मांडले.

१९९२ साली सोडलेल्या जिओटेल या उपग्रहाला चुंबकावरणाच्या शेपटीत विद्युतक्षेत्राचे एकेकटे, क्षणिक उंचवटे आढळले होते. हे उंचवटे आयन व इलेक्ट्रॉन यांच्या अनेक प्रवाहांच्या मिश्रणात स्वतःचा आकार टिकवून धावणाऱ्या एकल लहरी कशा असू शकतात, याची प्रारूपे लखीना व संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली.

कुलाब्याची अमोल नोंद

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर झगमगाट पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ कोसळले. युरोप व अमेरिकेत तारयंत्रे बिघडली. या वादळाची तीव्रता किती होती, याचे उत्तर दीर्घकाळ मिळत नव्हते. ते कुलाबा वेधशाळेच्या वह्यांत दडलेले होते. तेथील निरीक्षक सामान्यतः तासातासाने आणि वादळाच्या वेळी काही मिनिटांच्या अंतराने वाचन टिपत असत. त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखीना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी या नोंदींचा अभ्यास करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुलाब्याला क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटले होते.

याची तुलना १३ मार्च १९८९ च्या वादळाशी करता येईल. त्या वेळी जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्लापर्यंत उतरला आणि कॅनडातील क्युबेक प्रांताची वीजयंत्रणा सुमारे दीड मिनिटात कोलमडली. साठ लाख लोक जवळपास नऊ तास अंधारात राहिले. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो रोहित्राच्या भूसंपर्कातून वीजवाहिन्यांत शिरतो आणि रोहित्रे तापतात.

विजेची गरज, शांततेची गरज

कुलाब्याच्या वेधशाळेची पुढील कहाणी विकास नियोजनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार, हे स्पष्ट होताच नाजूक चुंबकमापकांचे काम अशक्य होणार होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या काळात अलिबाग येथे लोहविरहित पोरबंदरी दगडाची नवी वास्तू उभी राहिली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन मगच कुलाब्याचे काम थांबविण्यात आले. त्यामुळे १८४६ पासूनची नियमित नोंदींची साखळी तुटली नाही. ट्रामही आली आणि विज्ञानही टिकले.

भिलाईच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. जेथे लोखंडाचे ढीग, अवजड विद्युत यंत्रे आणि मुंबई–हावडा लोहमार्गाचे विद्युतीकरण आहे, तेथे पृथ्वीची सूक्ष्म स्पंदने मोजणे शक्य नाही. ज्या नगरीला विजेची सर्वाधिक गरज, तिलाच अवकाशातील इशारा स्वतः ऐकता येत नाही. तिच्या वतीने तो दूरच्या शांत वेधशाळांनी ऐकावा लागतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे एक केंद्र भिलाईच्या पश्चिमेस सुमारे अडीचशे किलोमीटरवर, नागपूर येथे आहे.

भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने क्युबेकसारखा धोका येथे कमी आहे. तथापि तो शून्य मानता येणार नाही. १८५९ च्या वादळाने कुलाब्यासारख्या निम्न अक्षांशावरही मोठा फरक घडविला होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीमुळे दक्षिणेची वीजयंत्रणा उर्वरित देशाशी जोडली गेली आणि संपूर्ण देशाचे एकच जाळे झाले. लांब वाहिन्यांच्या या जाळ्यामुळे टंचाईच्या प्रदेशाला दूरची वीज मिळते, तसेच एका टोकाचा बिघाड दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचण्याचा संभवही वाढतो.

पुढील दिशा

मे २०२४ मधील चुंबकीय वादळात लडाखमधील हानले येथून आकाशातील तांबडा प्रकाश टिपला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मध्यम वादळाने वातावरण फुगल्यामुळे स्टारलिंकच्या नव्याने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी सुमारे ४० नष्ट झाले. भारताचे आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी नियोजित कक्षेत पोहोचले. ते सौरवाताचे कण व चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या पंधरा लाख किलोमीटर अलीकडे मोजते. यानाने दिलेली वर्दी, चुंबकावरणातील लहरींचे गणित आणि जमिनीवरील वेधशाळांच्या नोंदी या तिन्हींची सांगड घातली तरच वीजव्यवस्थापकांना वेळेवर सूचना देता येईल.

यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. मोठ्या उपकेंद्रांतील रोहित्रांच्या भूसंपर्कातून जाणारा प्रवाह नियमित मोजला जावा. अवकाश हवामानाचे अंदाज वीजयंत्रणेच्या नियंत्रण कक्षांपर्यंत समजेल अशा भाषेत पोहोचावेत. आणि वाढत्या शहरीकरणात चुंबकीय वेधशाळांभोवतीची शांतता नियोजनपूर्वक राखली जावी. कुलाब्याच्या निरीक्षकांनी १८५९ मध्ये टिपलेल्या आकड्यांचे मोल कळण्यास जवळपास दीडशे वर्षे लागली. आज अलिबाग व नागपूर येथे होणाऱ्या नोंदींचे मोलही पुढील पिढ्यांना असेच कळेल, मात्र त्यासाठी त्या अखंड चालू राहिल्या पाहिजेत.