पडदा फिरला, मजकूर राहिला

मोबाइल उभ्याचा आडवा करताच पडद्यावरील दृश्यही आडवे होते. यंत्रातील त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा सतत जाणत असतो, त्याचेच हे कार्य होय.

आता एक प्रसंग कल्पू या. पांढुर्ण्याची एखादी विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे. तीन पाने भरून झाली. दाखला नीट दिसावा म्हणून तिने मोबाइल आडवा धरला, तो अर्ज पुन्हा पहिल्या कोऱ्या पानावर! हा दोष तिचा नव्हे, रचनाकाराचा.

असे का व्हावे? अँड्रॉइड प्रणालीत पडदा फिरला की 'अ‍ॅक्टिव्हिटी' हा दृश्यभाग सामान्यतः मोडून नव्याने उभारला जातो. कारण आडव्या पडद्याची मांडणी निराळी असू शकते. आमच्या भागात संत्र्यांची पेटी बदलताना फळे आधी जपून काढून घेतात, तद्वत् येथेही करावे लागते.

त्याचे तीन मार्ग आहेत. कोणते पान उघडे होते, यासारखी अल्प माहिती 'बंडल'मध्ये बांधावी. मोठी माहिती २०१७ साली आलेल्या 'व्ह्यूमॉडेल'कडे सोपवावी. पडदा फिरला तरी ते टिकते. मात्र प्रणालीने सबंध कार्यक्रमच बंद केला तर तेही नाहीसे होते. म्हणून जे गमावून चालणार नाही, ते मोबाइलच्या कायम साठ्यात वेळोवेळी नोंदवावे.

पडदा उभाच जखडून ठेवणे सोपे खरे. पण ती पळवाट होय. दुसऱ्याचे श्रम जपणे हेच रचनाकाराचे पहिले कर्तव्य, असे आम्ही मानतो.