अमेरिकेत सत्तांतराला अडीच महिने कशाला?

प्रश्न : आपल्याकडे निवडणुकीचा निकाल लागला की नवे मंत्री बहुधा लगेच शपथ घेऊन कामाला लागतात. अमेरिकेत मात्र नोव्हेंबरात निवडून आलेला अध्यक्ष २० जानेवारीपर्यंत थांबतो. एवढा वेळ लागतोच कशाला? आणि या काळात नव्या मंडळींना कारभार कोण शिकवतो?

उत्तर : याचे मूळ दोन्हीकडच्या कारभाराच्या रचनेत आहे. आपल्या मंत्रालयात मंत्री बदलला तरी सचिव, उपसचिव, कक्ष अधिकारी जागेवर असतात. ते नव्या मंत्र्यापुढे खात्याचे सादरीकरण करतात आणि काम चालू राहते. अमेरिकेत अध्यक्षाबरोबर वरची सगळी फळीच बदलते. सुमारे चार हजार राजकीय नेमणुका नव्याने करायच्या असतात आणि त्यांतल्या बाराशेहून अधिक पदांना सेनेटची मंजुरी लागते. येणाऱ्यांत वकील, प्राध्यापक, उद्योजक असे अनेकजण असतात. आपल्या विषयात ते मुरलेले असले, तरी सरकारी खाते चालवण्याचा अनुभव सर्वांना असतोच असे नाही.

पूर्वी ही मुदत ४ मार्चपर्यंत होती आणि ती महागात पडली. लिंकन निवडून आले आणि १८६१ मध्ये त्यांचा शपथविधी होईपर्यंत सात राज्ये संघातून फुटली. १९३३ च्या सुरुवातीला बँका धडाधड बंद पडत होत्या, तेव्हा अध्यक्ष हूव्हर जायच्या वाटेवर होते आणि निवडून आलेल्या रूझवेल्ट यांच्या हाती अजून सत्ता आली नव्हती. त्याच वर्षी झालेल्या घटनादुरुस्तीने शपथविधीची तारीख २० जानेवारी ठरली.

तयारीविना सत्ता हाती येणे म्हणजे काय, हे ट्रूमन यांनी भोगले. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले आणि उपाध्यक्ष ट्रूमन यांनी त्याच संध्याकाळी शपथ घेतली. महायुद्ध चालू होते, तरी अणुबाँबच्या प्रकल्पाची सविस्तर माहिती त्यांना २५ एप्रिलला मिळाली. ही वेळ पुढच्यावर येऊ नये, म्हणून १९५२ मध्ये त्यांनी दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना निवडणुकीआधीच गुप्तचर खात्याकडून माहिती देण्याची प्रथा पाडली. १९६३ च्या सत्तांतर कायद्याने नव्या चमूला सरकारी पैसा आणि जागा मिळू लागली. २०१० पासून प्रमुख उमेदवारांना मतदानाआधीच कार्यालये मिळतात. प्रत्येक खात्यातले कायम अधिकारी माहितीचे टिपण तयार ठेवतात, नव्या चमूची माणसे खात्यात जाऊन ते समजून घेतात.

यातला वेळ वाया गेला तर काय होते, हे २००० साली दिसले. अध्यक्षपदाचे उमेदवार बुश आणि गोर यांच्यातला फ्लोरिडातल्या मतमोजणीचा वाद डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने पुढे नमूद केले की, या विलंबामुळे महत्त्वाच्या पदांवर माणसे नेमायला उशीर झाला.

बुश यांच्या सरकारने हा धडा मनावर घेतला. १३ जानेवारी २००९ ला व्हाइट हाउसमध्ये मावळते आणि येणारे मंत्री एकत्र बसले आणि दहशतवादी हल्ला झाला तर काय करायचे, याची त्यांनी रंगीत तालीम केली. त्याची गरज लगेच पडली. ओबामांच्या शपथविधीवरच हल्ला होणार असल्याची खबर आली आणि दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी तिचा एकत्र विचार केला. खबर खोटी निघाली, पण ती खरी असती तरी देश गाफील सापडला नसता.

२०२० मध्ये मात्र ही घडी विस्कटली. मतदान ३ नोव्हेंबरला झाले, पण हरलेल्या बाजूने हार मानली नाही आणि निवडून आलेल्या बायडेन यांच्या चमूला सरकारी मदत २३ नोव्हेंबरला खुली झाली, तीही महासाथ जोरात असताना. म्हणून २०२२ च्या कायद्याने ठरवले की, मतदानानंतर पाच दिवसांत कोणी हार मानली नाही तर दोन्ही उमेदवारांना मदत द्यायची.

हरणाऱ्याच्या तयारीचा खर्च वाया जातो, हे खरे. तरी माझ्या मते तो करायलाच हवा, कारण संकट नव्या सरकारची घडी बसेपर्यंत थांबत नाही. पुढच्या वेळी अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्या वाचताना कोण जिंकले एवढ्यावर थांबू नका. मावळत्या सरकारने माहिती वेळेवर दिली का आणि नव्या सरकारने माणसे वेळेवर नेमली का, हेही जरूर पाहा.